तीनशेच्या पुढचे कोर्स

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत प्रत्येक कोर्सच्या नावापुढे एक आकडा असतो आणि तो त्या कोर्सची पायरी सांगतो. इतिहास १०१ नवख्यांसाठी, दोनशेचे कोर्स दुसऱ्या वर्षासाठी, तीनशे-चारशेचे शेवटच्या दोन वर्षांसाठी. हे तीनशेच्या पुढचे कोर्स म्हणजे पदवीच्या वरच्या पातळीचे शिक्षण. आकड्यांची पद्धत मात्र सगळीकडे सारखी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात १ ते ९९ खालच्या पातळीचे, १०० ते १९९ वरच्या पातळीचे आणि २०० पासून पुढे पदव्युत्तर असा हिशेब आहे. त्यामुळे बर्कलीतला ‘गणित १०४’ हा कोर्स नवख्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाचा समजून घेतला, तर त्याची गाळणच उडायची. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात यातली पहिली रीत उचलली. १०० ते १९९ प्रास्ताविक, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ वरच्या पातळीचे आणि ४०० ते ४९९ प्रगत, अशी त्यातली विभागणी आहे.

आकडा वाढला की माहिती वाढते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात विषयाचा परीघ उलट आकसतो. पहिल्या वर्षी जगाचा इतिहास, दुसऱ्या वर्षी आधुनिक युरोप आणि शेवटच्या वर्षी एकट्या वायमार जर्मनीतली महागाई आणि राजकारण, असा हा प्रवास असतो. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या कोर्समध्ये प्लेटोपासून विसाव्या शतकापर्यंत धावती फेरी होते. वरच्या कोर्समध्ये कांटचा एकच ग्रंथ सगळे सत्र पुरतो, आणि तरी बरेचदा अर्धा राहतो. खरा बदल विद्यार्थ्याच्या कामात होतो. खालच्या वर्गात सांगितलेले नीट समजून घेणे हे त्याचे काम असते. वरच्या वर्गात ‘हे कशावरून?’ असे विचारणे, पुरावा तपासणे आणि स्वतःचे म्हणणे चारचौघांत टिकेल असे मांडणे, हे काम त्याच्या अंगावर येते. पूर्वअटी, लहान वर्ग, लांबलचक वाचनयाद्या, शेवटी लिहायचा प्रबंध ही सगळी यंत्रणा या एका बदलासाठी उभी केलेली आहे.

ती एका दिवसात उभी राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन कॉलेजात निवडीचा फारसा प्रश्नच नव्हता. लॅटिन, ग्रीक आणि गणित सगळ्यांना सारखेच, धडा पाठ करून वर्गात म्हणून दाखवायचा, आणि चौथ्या वर्षी बहुधा कॉलेजचे अध्यक्ष स्वतः नीतिशास्त्र शिकवायचे. येलच्या प्राध्यापकांनी १८२८ च्या आपल्या अहवालात या ठरीव अभ्यासक्रमाची जोरदार पाठराखण केली होती. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ साली अध्यक्ष झाले, चाळीस वर्षे त्या जागेवर राहिले आणि सक्तीचे विषय त्यांनी एकेक करून मोडीत काढले. शतक संपेपर्यंत तिथे जवळजवळ सगळेच ऐच्छिक झाले होते. या मोकळिकीचा व्हायचा तो परिणाम झाला. अनेक विद्यार्थी चार वर्षे वेगवेगळ्या विषयांचे प्राथमिक कोर्सच गोळा करत बसले, आणि पदवी हाती आली तेव्हा एकाही विषयात खोलवर उतरलेले नव्हते. एलियट यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेल्या ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी यावर तोड काढली. प्रत्येकाने एका विषयात काही ठरावीक कोर्स पायरीपायरीने करायचे, आणि उरलेले दूरदूरच्या विषयांत विखरून घ्यायचे. आज ‘मेजर’ म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था ती हीच. वरच्या पातळीच्या कोर्सना अर्थ आला तो इथे, कारण पोहोचायला आता काही वरचे म्हणून ठिकाण तयार झाले.

या व्यवस्थेतून गेलेला एक विद्यार्थी गोव्याचा होता. दामोदर धर्मानंद कोसंबी लोवेल यांच्याच काळात हार्वर्डमध्ये शिकले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना गणितावरच लक्ष ठेवण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो फारसा मनावर घेतला नाही आणि नाना विषयांचे कोर्स घेतले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवता शिकवता या माणसाने भर्तृहरीची पाठचिकित्सा केली, प्राचीन नाणी तोलून त्यांचे संख्याशास्त्र मांडले आणि भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. तेव्हा सल्ला मोडला याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही.

वरच्या वर्गांचा दुसरा झरा जर्मनीतून आला. बर्लिन विद्यापीठात लिओपोल्ड फॉन रांके निवडक विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मध्ययुगीन कागदपत्रे वाचायला बसत. कोणते साधन विश्वासार्ह, कोणते ऐकीव, कोणी कोणाचे उतरवून घेतले, यावर तिथे खल चाले. व्याख्यान देणारा एक आणि टिपणे घेणारे बाकीचे, हा मामला तिथे नव्हता. हा सेमिनार अमेरिकेत १८६९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या इतिहासाच्या वर्गात आला. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तर तो आपल्या शिक्षणाच्या केंद्रस्थानीच ठेवला. आधी पदव्युत्तर वर्गांत रुजलेली ही पद्धत हळूहळू पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांपर्यंत खाली झिरपली.

सेमिनारात विद्यार्थ्याकडून नेमकी काय अपेक्षा असते, याचा मराठी वाचकाला सर्वांत जवळचा दाखला न्यूयॉर्कमधला आहे. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ कोर्स केले. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या आधी समोर ठेवायच्या, प्रत्येकीत काय बरोबर आणि काय अपुरे ते दाखवायचे, मग स्वतःचा सिद्धान्त मांडायचा, अशी त्याची बांधणी आहे. (हे केतकर म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार. जातींच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असतानाच १९०९ मध्ये निघाले होते.) बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात जन्मली, हा आंबेडकरांचा युक्तिवाद. निबंध पुढच्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. वर्ग पदव्युत्तर होता आणि विद्यार्थी असामान्य, हे खरेच. पण आधीच्यांचे म्हणणे, त्यातली खोट, मग आपली मांडणी, हा निबंधाचा सांगाडा आजही तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या प्रत्येक सेमिनारात अपेक्षित असतो.

आजचा सेमिनार साधारण असा चालतो. टेबलाभोवती दहा-पंधरा जण, आठवड्यातून एकदा, अडीच-तीन तासांची एकच बैठक. दर आठवड्याला एक पुस्तक किंवा चार-पाच लेख वाचून यायचे आणि आदल्या रात्रीपर्यंत पान-दोन पानांची प्रतिक्रिया धाडायची. चर्चा उघडण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर येते. न वाचता आलेला विद्यार्थी पहिल्या वीस मिनिटांत उघडा पडतो, कारण त्याला मागच्या बाकावर दडायला जागा नसते. सत्राच्या शेवटी वीस-पंचवीस पानांचा निबंध द्यायचा असतो. तो एका रात्रीत उरकता येऊ नये म्हणून आधी विषयाचा प्रस्ताव, मग साधनांची यादी, मग कच्चा खर्डा आणि सोबत्यांनी त्यावर केलेली टीका, असे टप्पे बांधून दिलेले असतात. आपल्याकडे ‘टी.वाय.ला स्पेशल काय घेतलंय?’ असा प्रश्न विचारला जातो, त्यातला ‘स्पेशल’ विषय याच पायरीवरचा. पण आपल्याकडे पेपर विद्यापीठाचा, पुस्तके नेमलेली आणि उत्तरे बऱ्याच अंशी ठरलेली असतात.

गणितात हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. पहिल्या दोन वर्षांत कलन हे हिशेबाचे साधन म्हणून शिकवतात. अवकलज काढा, क्षेत्रफळ काढा, उत्तर जुळले की झाले. वरच्या वर्गातला वास्तव विश्लेषणाचा कोर्स त्याच गोष्टी पुन्हा पहिल्यापासून घेतो आणि त्या खऱ्या का, हे विचारतो. एखाद्या सलग फलाची किंमत एका ठिकाणी ऋण आणि दुसऱ्या ठिकाणी धन असेल, तर मध्ये कुठेतरी ती शून्य व्हायलाच हवी. आलेख काढणाऱ्याला यात सिद्ध करण्यासारखे काही दिसत नाही, रेघ अक्षाला ओलांडूनच जाणार ना. आता जगात फक्त परिमेय संख्या आहेत असे धरा आणि क्ष वर्ग वजा दोन हे फल घ्या. क्ष एक असताना किंमत उणे एक येते, क्ष दोन असताना अधिक दोन. पण मध्ये शून्य कुठेच नाही, कारण दोनचे वर्गमूळ परिमेय नाही. रेघेला छिद्र आहे आणि डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणजे विधान खरे ठरते ते चित्रामुळे नव्हे, वास्तव संख्यांच्या एका गुणधर्मामुळे: वरून सीमित असलेल्या प्रत्येक अरिक्त संचाला एक सर्वांत लहान वरची सीमा असते. हे एकदा उमगले की विद्यार्थी आकृतीवर विसंबणे सोडतो. या कोर्ससाठी वॉल्टर रुडिन यांनी १९५३ मध्ये लिहिलेले बारीक, काटेकोर पुस्तक आजही जगभर चालते. भारतातही एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या पिशवीत ते सापडते.

टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ली मूर यांनी हेच टोकाला नेले होते. पुस्तक नाही, व्याख्यान नाही. फक्त व्याख्या आणि प्रमेये फळ्यावर लिहायची, सिद्धता विद्यार्थ्यांनी काढायची, आणि एकमेकांना विचारायलाही मनाई. या वर्गातून नामांकित गणितज्ञ निघाले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मूर यांनी आपल्या वर्गात बसू दिले नाही, हेही त्यांच्या कारकिर्दीच्या नोंदीत आहे.

विज्ञानात वरच्या वर्गाची खूण म्हणजे पाठ्यपुस्तक मागे पडते आणि मूळ शोधनिबंध पुढे येतात. डीएनए दुप्पट होताना प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, हे पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्रात एका वाक्यात सांगून होते. वरच्या वर्गात मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा १९५८ चा निबंधच वाचायला देतात. शक्यता तीन होत्या: जुना रेणू सबंध राहतो आणि नवा वेगळा बनतो, दोन्हींत एकेक जुना धागा जातो, किंवा जुने-नवे तुकडे सगळीकडे मिसळतात. या दोघांनी जीवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्या नायट्रोजनमध्ये टाकले, आणि सीझियम क्लोराइडच्या द्रावणात जोरात फिरवून डीएनएचे पट्टे वजनानुसार वेगळे केले. एका पिढीनंतर मधल्या वजनाचा एकच पट्टा दिसला. यातून पहिली शक्यता बाद झाली. पण तिसरी? वर्गात या प्रश्नावर वेळ जातो, कारण तुकडे मिसळले असते तरी पहिल्या पिढीत मधलाच पट्टा आला असता. निकाल दुसऱ्या पिढीने लावला. तिथे दोन पट्टे होते, एक मधला आणि एक हलका. विद्यार्थ्याने इथे शिकायचे ते हे, की एखादा प्रयोग काय सिद्ध करतो यापेक्षा काय बाद करतो हे आधी विचारावे.

प्रयोगशाळेचेही तसेच. खालच्या वर्गात उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. वरच्या वर्गात उपकरण कोणते वापरायचे, चूक किती धरायची, वाचन टाकून द्यायचे की ठेवायचे, हे विद्यार्थी ठरवतो. ओरेगन राज्यातल्या रीड कॉलेजात तर १९६८ पासून एक छोटी अणुभट्टी आहे आणि रीतसर परवाना मिळवलेले पदवीचे विद्यार्थी ती चालवतात. विद्युतगतिकी आणि पुंजयामिकी यांवरची डेव्हिड ग्रिफिथ्स यांची पाठ्यपुस्तके भारतातल्या भौतिकशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी हाताळलेली असतात. ग्रिफिथ्स याच कॉलेजात शिकवत.

अशा वर्गाला पूर्वअटी लागतात. भौतिक रसायनशास्त्राला आधीचे रसायनशास्त्र तर हवेच, शिवाय अनेक चलांचे कलन आणि भौतिकशास्त्रही हवे. अर्थमितीला संख्याशास्त्र हवे. मानव्यशाखांत अट सैल असते, ‘प्राध्यापकाची परवानगी’ एवढेच लिहिलेले असते आणि इच्छुक विद्यार्थी आधी भेटून ती काढतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी कादंबरीच्या सेमिनारात शिरता येते, पण साहित्याच्या विद्यार्थ्याला पुंजयामिकीच्या वर्गात शिरता येत नाही. सर्व शाखा समान म्हणणाऱ्या व्यवस्थेतली ही जुनी विषमता आहे, आणि तिच्यावर कोणाकडे उपाय नाही.

काही कॉलेजांनी वरच्या पातळीसाठी स्वतःच्या रीती घडवल्या. ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकून आलेले फ्रँक एडेलॉट स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी तिथे ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. शेवटची दोन वर्षे विद्यार्थी मूठभर सोबत्यांबरोबर सेमिनार करतो आणि अखेरीस बाहेरच्या विद्यापीठांतून आलेले परीक्षक त्याची लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात. ‘एक्स्टर्नल’ हा प्राणी मराठी विद्यार्थ्याला नवा नाही. तिथली गंमत वेगळी आहे. प्रश्न काय येणार हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे तो परीक्षकाच्या खुर्चीतून उठून विद्यार्थ्याच्या बाजूला येऊन बसतो. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात ट्यूटोरियलची पद्धत आहे. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा आणि दुसऱ्याने तो तपासून सोलायचा, पुढच्या आठवड्यात उलट. सोलणाऱ्याचे काम लिहिणाऱ्यापेक्षा अवघड असते, कारण सोबत्याला दुखवायचे नसते आणि गप्पही राहता येत नाही.

शेवटच्या वर्षीचा प्रबंध ही या सगळ्याची परिणती. प्रिन्स्टनमध्ये कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो लिहावा लागतो. वेंडी कॉप यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात ताज्या पदवीधरांना गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिक्षक म्हणून धाडण्याची कल्पना होती. त्यातून ‘टीच फॉर अमेरिका’ उभी राहिली, आणि त्याच धर्तीवरच्या ‘टीच फॉर इंडिया’ने २००९ मध्ये मुंबई-पुण्याच्या शाळांत काम सुरू केले. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजात सक्तीच्या प्रबंधाचा हा नियम १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. प्रबंध दाखल करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तिथे एक टूटसी रोल, म्हणजे चघळायची चॉकलेटची गोळी, ठेवतात. रीडमध्ये तोंडी परीक्षेला विषयाबाहेरचाही एक प्राध्यापक बसतो, आणि बांधलेली प्रत ग्रंथालयाच्या मनोऱ्यात कायमची जाते.

हे सगळे महाग आहे, आणि खर्च मुख्यतः शिक्षकाच्या वेळेचा आहे. वीस पानांचे बारा खर्डे वाचून समासात टीका लिहिणारा प्राध्यापक त्याच आठवड्यात शंभर जणांचा दुसरा वर्ग नीट सांभाळू शकत नाही. म्हणून मोठ्या सरकारी विद्यापीठांत चारशेचा आकडा मिरवणारे कोर्सही पुष्कळदा साठ-सत्तर जणांच्या सभागृहात होतात, परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते, आणि वरच्या पातळीची खूण म्हणून जाडजूड पुस्तक तेवढे उरते. नुसत्या आकड्यावरून कोर्सची जात ओळखता येत नाही. वर्गात किती जण आहेत आणि किती पाने लिहून घेतात, हे विचारावे.

महाराष्ट्रात विद्यापीठ अनुदान आयोगाचा हा आराखडा एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आला. आधी विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये, मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालये, असा क्रम ठरला. पहिल्या वर्षाला ४.५, मग ५, ५.५ आणि चौथ्या वर्षाला ६ अशा पातळ्या आहेत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. मेजर, मायनर, ओ.ई., व्ही.एस.सी., एस.ई.सी., ए.ई.सी., व्ही.ई.सी., आय.के.एस. या अक्षरांच्या टोपल्या भरताना मुलांची आणि प्राध्यापकांची जी तारांबळ उडते, ती प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही कार्यालयात पाहायला मिळते. पण मोठा फरक वेगळाच आहे. अमेरिकेत वरच्या पातळीचा कोर्स त्या प्राध्यापकाचा असतो. विषय तो निवडतो, वाचनयादी तो करतो, गुण तोच देतो, आणि त्याच्या संशोधनात जे चालू आहे तेच बहुधा वर्गात येते. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम अभ्यासमंडळ ठरवते, परीक्षा विद्यापीठ घेते, आणि एकच ‘३००’ शेकडो वर्गांत एकाच वेळी शिकवला जातो. एका गावच्या शिक्षकाने जवळच्या दप्तरखान्यातली मोडी कागदपत्रे घेऊन सत्रभर सेमिनार चालवायचा म्हटले, तरी वेळापत्रकात त्याला जागा नसते. स्वायत्त महाविद्यालयांना ही मुभा आहे, आणि काही ठिकाणी ती वापरलीही जाते.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प पुरा करावा लागतो. मार्गदर्शन करायला पीएच.डी. झालेले पुरेसे शिक्षक, नियतकालिके येणारे ग्रंथालय आणि चालू स्थितीतली प्रयोगशाळा ज्या महाविद्यालयात आहे, तिथेच हा पर्याय खऱ्या अर्थाने उघडतो. संलग्न महाविद्यालयांत २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी या चौथ्या वर्षाला २०२७ च्या जूनमध्ये पोहोचते.